वाचकांचे सवाल: मैदानात न उतरणारी टीम

प्रश्न: भाऊ, माझा भाचा अमेरिकेत एमएस करतोय. त्याच्या कॉलेजातला फुटबॉलवाला एक गडी 'ऑल-अमेरिकन' झाला, कॅम्पसभर पोस्टर लागलेत. मी म्हटलं मग या टीमची मॅच कधी, तर भाचा हसायलाच लागला, म्हणे मामा ही टीम खेळतच नाही. हाई काय शे?
– एक मामा, भुसावळ

उत्तर: मामा, भाचा खरं बोलतोय भो. ही अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे बॉल हातात घेऊन पळायच्या खेळाची, नुसती यादी आहे. सीझन संपत आला की देशभरातल्या कॉलेजांमधून प्रत्येक जागेचा सगळ्यात भारी गडी निवडायचा, ११ ऑफेन्सचे (चढाई करणारे), ११ डिफेन्सचे (अडवणारे), वर किकर-पंटर (बॉलला लाथ मारणारे) वगैरे, आणि नावं छापून मोकळं व्हायचं, ना जर्सी ना मॅच. पहिली यादी १८८९ सालची, कॅस्पर व्हिटनी नावाच्या पत्रकाराने छापलेली, वॉल्टर कॅम्प या फुटबॉलच्या जाणकाराचाही त्यात हात होता. आता गंमत बघा, त्या ११ जणांत प्रिन्स्टनचे ५, येलचे ३ आणि हार्वर्डचे ३, म्हणजे नाव 'ऑल अमेरिका' आणि गडी तीनच कॉलेजांचे! आपल्याकडे जिल्ह्याची टीम म्हणायचं आणि सगळे पोरं एकाच गल्लीतले घ्यायचे, तसलाच प्रकार.

आता याद्या ढीगभर निघतात, म्हणून तिथली कॉलेज खेळांची संघटना एनसीएए पाचच धरते: एपी वृत्तसंस्था, कोचेसची संघटना, फुटबॉल लिहिणाऱ्या पत्रकारांची संघटना, स्पोर्टिंग न्यूज आणि वॉल्टर कॅम्प फाउंडेशन. पाचपैकी तिघांनी फर्स्ट टीममध्ये घेतलं तर तो 'कन्सेन्सस', पाचही जणांनी घेतलं तर 'युनॅनिमस'. भाच्याला विचारा त्यांचा गडी यातला कुठला, कारण पोस्टर लावायला एक यादीही पुरते.

प्रश्न: बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे पासेस मोजता येतात, धावणाऱ्याचे यार्ड मोजता येतात. पण लाइनमधल्या ज्या जाड्या पोरांच्या हातात बॉलच येत नाही त्यांना कशावरून निवडतात?
– कॉलेजची एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर: ताई, सवाल आवडला. ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच जण असतात, मधे सेंटर, दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल, आणि त्यांचं काम एकच, समोरच्याला अडवायचं. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक पास टाकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते, तिकडून येणारा त्याला दिसतच नाही, तो लेफ्ट टॅकलने थोपवायचा. नीट थोपवला तर कुणाला कळतसुद्धा नाही, चुकला तर अख्ख्या स्टेडियमला कळतं. म्हणून इथे आकडे कमी पडतात, व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघावा लागतो, समोर खेळलेल्या कोचचं मत धरावं लागतं. ऑफेन्स-डिफेन्सच्या आतल्या लाइनवाल्यांसाठी आउटलँड ट्रॉफी आहे, १९४६ पासून.

यावलकडच्या एका गावात रात्रीची कबड्डी बघत होतो. डाव्या कॉर्नरच्या पोराने रेडरचा घोटा असा धरला की स्वतःच्याच कोपराची साल निघाली, वरून चौघं अंगावर पडले, आणि धूळ खाली बसली तेव्हा टाळ्या सगळ्यात वर पडलेल्याला! शेवटी बक्षिसाचा मिक्सरसुद्धा बेस्ट रेडरलाच गेला. तो कॉर्नरवाला कोपरावर थुंकी लावत बसला होता.

प्रश्न: कोच मत देतात तर आपल्याच पोरांना देत असतील ना?
– नंदुरबार

उत्तर: देतील की, माणसंच ती! कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, त्यांचीही ऑल-कॉन्फरन्स टीम निघते, फर्स्ट, सेकंड अशी. एसईसीसारख्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये कोचच्या मतदानाला नियमच आहे, स्वतःच्या खेळाडूला मत द्यायचं नाही. अर्थात 'तू माझ्याला दे, मी तुझ्याला' हे कुठला नियम थांबवणार, ते सोडा.

प्रश्न: मग खरंच खेळणारी ऑल-स्टार टीम कुठलीच नाही का?
– पुन्हा तेच मामा

उत्तर: आहे ना मामा. ईस्ट-वेस्ट श्राइन बोल १९२५ पासून आहे, आणि अलाबामातल्या मोबाइल शहरात सीनियर बोल होतो. तिथे कॉलेज संपवणारे निवडक गडी आठवडाभर सराव करून खरी मॅच खेळतात. पण एनएफएल या प्रोफेशनल लीगचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, मुख्य सरावच बघायला येतात, आणि त्यातले बरेच जण मॅचच्या आधीच बॅग भरून विमानतळ गाठतात.