घरगुती डीव्हीडी बनवताना व्हिडिओ एक्सपोर्टला फार वेळ लागतो; तो कसा कमी करावा?

एडिटरमधून थेट डीव्हीडीच्या मापातली एमपेग-२ फाइल काढा. सर्वांत जास्त वेळ तिथेच वाचतो. डीव्हीडी-व्हिडिओला एमपेग-२ लागतो (पाल, म्हणजे भारतात चालणारी टीव्ही पद्धत, असेल तर ७२० × ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम). तुम्ही आधी एच.२६४ एमपी४ काढलीत, तर ऑथरिंग सॉफ्टवेअर (मेन्यू लावून डीव्हीडी तयार करणारं) ती पुन्हा एन्कोड करतं, म्हणजे एमपेग-२ मध्ये बदलतं, म्हणजे काम दुप्पट आणि चित्रही थोडं बिघडतं. फाइल मुळातच नियमात असली (आवाज एसी-३, व्हिडिओ बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा, ९.८ एमबीपीएसच्या (मेगाबिट प्रति सेकंद) आत) तर बहुतेक सॉफ्टवेअर फक्त मेन्यू जोडून डिस्कची रचना तयार करतं आणि हे काही मिनिटांत होतं. मात्र तिथे ‘री-एन्कोड’चा पर्याय चालू राहिलेला नाही ना, हे नक्की बघा. दुसरं, टू-पास (आधी पूर्ण व्हिडिओ तपासून मग दुसऱ्या फेरीत एन्कोड करणं) बंद करा. तासाभराचा व्हिडिओ ८ एमबीपीएसला ४.७ जीबीच्या डिस्कवर आरामात बसतो, तिथे दुसऱ्या पासचा उपयोग नाही. फक्त यासाठी नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका: एनव्हिडियाच्या कार्डातला एन्कोडर, एनव्हेंक, एमपेग-२ एन्कोड करतच नाही. टू-पास बंद करण्याला अपवाद एकच: व्हिडिओ दोन तासांचा असेल तर सरासरी बिटरेट ५ एमबीपीएसच्या आसपास उतरतो, आणि तेव्हा टू-पासने चित्रात खरोखर फरक पडतो. तिथे वेळ जाऊ द्या.