बंद केला, बंद झाला की बंद पडला?

ऐरोलीच्या एका आयटी ऑफिसातून प्रश्न आलाय. इलॅस्टिकसर्चमध्ये (डेटा साठवून शोधायची प्रणाली) पिनकोडवार ऑर्डर्सची बेरीज करणारा ट्रान्सफॉर्म, म्हणजे साठलेल्या डेटाचा सारांश काढून वेगळा ठेवणारा जॉब, रात्री 'फेल्ड' झाला. शिफ्ट संपताना प्रश्नकर्तीने ग्रुपवर टाकलं, 'ट्रान्सफॉर्म बंद झालाय.' ठाण्याहून सकाळी आलेल्या सहकाऱ्याला वाटलं, कोणीतरी मुद्दाम बंद ठेवलाय. त्याने हातच लावला नाही. मग 'बंद झाला' चूक का?

चूक नाही, अपुरं आहे. 'होणे' म्हटलं की कोणी केलं ते झाकलं जातं. घोडबंदर रोडवर रिक्षा बंद केली म्हणजे ड्रायव्हर चहाला गेलाय. बंद पडली म्हणजे उतरा आणि ढकला. 'झाली'वरून यातलं काहीच कळत नाही.

इलॅस्टिकसर्चची वाटणी थोडी वेगळी आहे. त्याच्या 'स्टॉप्ड'मध्ये माणसाने थांबवलेला ट्रान्सफॉर्म येतो, तसाच एकदाच चालायचा असलेला, काम उरकून आपोआप थांबलेलाही येतो. मराठीत पहिला 'बंद केला', दुसरा 'पूर्ण झाला'. 'फेल्ड' मात्र सरळ 'बंद पडला'. तो आधी 'फोर्स' लावून, म्हणजे सक्तीने, थांबवावा लागतो, मगच पुन्हा सुरू करायचा.

अडचण तात्पुरती असेल तर तो लगेच मान टाकत नाही, मूळ सेटिंगप्रमाणे १० वेळा पुन्हा प्रयत्न करतो. तेवढ्या वेळात 'अडखळतोय' म्हणा. तुमच्याकडे तीही वेळ आली नाही. तुम्ही पाठवलेल्या एररमध्ये निकालाच्या इंडेक्समधलं (निकाल साठतात त्या तक्त्यातलं) पिनकोडचं फील्ड 'लाँग' दिसतंय, म्हणजे पूर्णांकाचं, आणि त्यात शिरू पाहत होतं '४००७०८-ऐरोली'. कितीही वेळा प्रयत्न केला तरी ते बसणार नाही, म्हणून इंजिन थेट 'फेल्ड' करतं. (पिनकोडची कोणी बेरीज करतं का? ते फील्ड 'कीवर्ड'च हवं, म्हणजे जसाच्या तसा ठेवलेला मजकूर. तयार इंडेक्समध्ये प्रकार बदलता येत नाही, नवा इंडेक्स करावा लागेल. शिवाय मुळातला '-ऐरोली' काढला नाहीत, तर एकाच पिनकोडचे दोन गट पडतील.)

'गंडला' ऑफिसात सर्रास ऐकू येतं. ते चालू असून चुकीचे आकडे देणाऱ्यासाठी राखून ठेवा. 'अयशस्वी झाला' मला तरी परिपत्रकातलं वाटतं. प्रयत्न अयशस्वी होतो, चालतं काम बंद पडतं.

तुमच्या टीममध्ये कोणी 'बंद पडलं' लिहितं, त्यावरून वाद नको. डोक्यात 'जॉब' असला की ट्रान्सफॉर्म पुल्लिंगी होतो, 'रूपांतर' असलं की नपुंसकलिंगी. दोन्ही चालतात.