रेडकांचे दूध केव्हा आणि कसे तोडावे? तबेलाधारकांच्या प्रश्नांना उत्तर

गोरेगाव, जोगेश्वरी आणि आरे परिसरातील तबेलाधारकांनी पाठविलेल्या प्रश्नांचा आशय साधारण एकच आहे. म्हशीचे दूध विकायचे असल्याने रेडकाला किती दिवस आणि किती पाजावे, तसेच दूध तोडल्यावर रेडके खंगतात, त्यांचे पोट सुटते आणि त्यांना हगवण लागते, त्यावर उपाय काय, असे विचारण्यात आले आहे.

सुरुवात चिकापासून, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधापासून केली पाहिजे. मुंबईत खरवसाला गिऱ्हाईक हमखास असल्यामुळे पहिला चीक काढून विकण्याचा मोह होतो, परंतु गर्भात असताना रेडकाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता जन्मानंतर तासागणिक घटत जाऊन साधारण 24 तासांत संपते. म्हणून जन्मल्यापासून एक ते दोन तासांच्या आत पहिला चीक पाजावा आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे 30 किलोच्या रेडकाला सुमारे तीन लिटर, दोन-तीन वेळा विभागून द्यावा. वार (जार) पडण्याची वाट पाहत चीक रोखून धरण्याची रीत अजूनही काही तबेल्यांत दिसते. ती सोडून द्यावी. नाळेला त्याच वेळी टिंक्चर आयोडीन लावावे.

त्यानंतर पहिला महिना वजनाच्या दहाव्या, दुसरा महिना पंधराव्या आणि तिसरा महिना विसाव्या हिश्शाइतके दूध, ठरलेल्या वेळी आणि धारोष्ण दुधाइतके कोमट असे द्यावे. बादलीने पाजायचे असल्यास स्वच्छ बोट दुधात बुडवून रेडकाच्या तोंडात द्यावे, आणि ते चोखू लागले की हात सावकाश दुधात उतरवावा. दोन-तीन दिवसांत बहुतेक रेडके स्वतःहून पितात. तोंड बळेच बादलीत दाबल्यास दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

दूध तोडण्याचा दिवस मात्र वयावरून ठरवू नये, तो खुराकावरून, म्हणजे रेडकू किती दाणा-पेंड खाते त्यावरून ठरवावा. जन्मतः रेडकाचे मोठे पोट, म्हणजे रुमेन, लहान आणि निष्क्रिय असते. दूध त्याला वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात जाते. रुमेनचे अस्तर वाढते ते मुख्यतः खुराकाच्या आंबण्यातून तयार होणाऱ्या आम्लांमुळे, नुसत्या दुधाने किंवा नुसत्या वैरणीने नव्हे. रुमेन तयार होण्याआधी दूध बंद करून रेडकू सुक्या गवतावर सोडले, तर गवत पचत नाही, पोट फुगलेले दिसते आणि अंगावर मांस धरत नाही. आपल्या प्रश्नातील सुटलेल्या पोटाचे हे एक कारण आहे.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दूध पाजून झाल्यावर काफ स्टार्टरची (लहान वासरा-रेडकांसाठीच्या खुराकाची) चिमूट तोंडात लावावी, थोडा खुराक आणि स्वच्छ पाणी समोर ठेवावे, तसेच उरलेला खुराक रोज बदलावा. घरी दहा किलो मिश्रण करायचे असल्यास मक्याचा भरडा 5 किलो, शेंगदाणा पेंड 3 किलो, गव्हाचा कोंडा 1 किलो 700 ग्रॅम, खनिज मिश्रण 200 ग्रॅम आणि मीठ 100 ग्रॅम घ्यावे. यातून सुमारे 20 टक्के प्रथिने मिळतात. मुंबईच्या पावसाळी दमटपणात पेंडीला बुरशी लवकर धरते, त्यामुळे त्या दिवसांत स्वस्त मिळते म्हणून महिन्याभराचा साठा भरून ठेवू नये. मोठ्या म्हशींची सरकी पेंड आणि युरियायुक्त खाद्य या वयात अजिबात देऊ नये.

रेडकू सलग तीन दिवस रोज 750 ग्रॅम ते एक किलो खुराक खाऊ लागले, की आठ-दहा दिवसांत दूध हळूहळू कमी करून बंद करावे. बहुतेक रेडकांत ही वेळ दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास येते. जे मागे राहते त्याला आणखी पंधरवडा द्यावा. त्याच आठवड्यात जागा बदलणे, शिंगे डागणे किंवा लस टोचणे टाळावे.

सुटलेल्या पोटाचे आणि मातकट, दुर्गंधीयुक्त हगवणीचे दुसरे कारण गोल जंत हे आहे. हे जंत आईच्या दुधातूनच रेडकाच्या पोटात जातात, त्यामुळे गोठा कितीही स्वच्छ असला तरी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने 10 ते 16 दिवसांच्या वयात पहिले जंतनाशक आणि नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा मात्रा द्यावी. हगवण लागल्यास दूध पूर्ण तोडू नये. दुधाच्या वेळांच्या मधे जलसंजीवनी पाजावी आणि डोळे खोल गेल्यास किंवा रेडकू उभे राहत नसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे.

रेडकू वेगळे केले की म्हैस पान्हा चोरते, म्हणजे दूध रोखून धरते, अशी शंकाही काहींनी मांडली आहे. पहिलारू म्हशीचे रेडकू जन्मतःच वेगळे करून, दोहनाच्या वेळी आंबोण देऊन आणि कास कोमट पाण्याने धुऊन चोळल्यास तिला सवय लागते. रेडकू लावूनच दूध देण्याची सवय जडलेल्या म्हशींना वेळ लागेल. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय ऑक्सिटोसिन टोचून पान्हा सोडवणे बेकायदेशीर आहे.