आधी उभ्याने डॉपलर, मग लेझर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, पायाचे फोटो पाहिले. एक डॉक्टर लेझरने शीर जाळू म्हणतात, दुसरे ग्लूने चिकटवू, तिसरे जांघेत चिरा देऊन शीर काढू म्हणतात, आणि कारखान्यातले म्हणतात मोजे घाल नि गप्प बस. यातलं काय करू, असं तू विचारतोस. आत्ता यातलं काहीच ठरवू नकोस. तू पाठवलेल्या रिपोर्टात ‘उजव्या पायात व्हेरिकोज शिरा, खोल शिरेत गुठळी नाही’ एवढंच आहे. फुगलेल्या शिरा तर तुला रोज दिसतायत. रक्त उलटं कुठून उतरतंय, ते त्यात कुठेच नाही. आणि तपासणी झोपवून केली, हे तूच लिहिलंयस.

उभ्याने डॉपलर, म्हणजे शिरेतलं रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, करून घे. बाकी सगळं नंतर.

ती कशी होते ते नीट समजून घे, म्हणजे तुला कोणी घाईत उरकून देणार नाही. वजन डाव्या पायावर, उजवा गुडघा किंचित वाकवलेला, पाऊल बाहेरच्या बाजूला. तपासणारा प्रोब जांघेत ठेवून पोटरी दाबतो नि सोडतो. दाबल्यावर रक्त वर जातं. झडप चांगली असेल तर सोडल्यावर तिथेच थांबतं. नसेल तर पडद्यावर रंग पालटतो आणि रक्त खाली येत राहतं. वरवरच्या शिरेत हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला तर झडप निकामी. मांडीच्या आणि गुडघ्यामागच्या खोल शिरांसाठी ही मर्यादा एक सेकंदाची. हेच जांघेपासून घोट्यापर्यंतच्या मोठ्या शिरेवर, मग गुडघ्यामागच्या छोट्या शिरेवर, मग आतबाहेर जोडणाऱ्या शिरांवर. प्रत्येक ठिकाणी शिरेची जाडी मिलिमीटरमध्ये. शेवटी कागदावर तुझ्या पायाचं चित्र आणि त्यावर खुणा, म्हणजे नकाशाच. एवढं व्हायला अर्धा तास लागतो. पाच मिनिटांत झालं तर ते झालंच नाही असं समज.

मागावर ताण्याचा धागा तुटला तर कुठे तुटलाय ते शोधल्याशिवाय तू माग सुरू करत नाहीस. मग स्वतःच्या पायाला ही घाई का?

मी ही तपासणी अशीच करतो, म्हणून लोक मला हट्टी म्हणतात. पेशंट ताटकळत ठेवतो, रांग अडवतो, असं तोंडावर सांगतात. सांगू देत. उलट्या प्रवाहाचा उगम छोट्या शिरेत असताना मोठी जाळली, तर पैसे गेले आणि फुगवटा तसाच. खोल शीर जुन्या गुठळीने बंद असेल, तर वरच्या फुगलेल्या शिरेतूनच पायाचं रक्त परत जात असतं. तीच बंद केली तर पाय आणखी सुजतो. मशिनं इतकी चांगली आली आणि तपासणी मात्र उरकायची गोष्ट झाली, याची मला फार खंत वाटते. रांग अडली तर अडू दे.

नकाशात मोठ्या शिरेची जांघेतली झडप निकामी निघाली, तर लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर बंद करणं), दोन्ही चांगले. ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2013 सालीच उष्णतेने शीर बंद करणं पहिलं, फोम (फेसाळ औषध टोचून शीर बंद करणं) दुसरा आणि शस्त्रक्रिया तिसरी असा क्रम दिलाय. गुडघ्याजवळ सुईने शिरेत तार, त्यावरून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, वर. त्याचं टोक खोल शिरेशी जांघेत होणाऱ्या जोडापासून किमान दोन सेंटीमीटर खाली हवं. त्याहून पुढे गेलं तर गुठळी खोल शिरेत डोकावू शकते. मग शिरेभोवती सलाइनमध्ये पातळ केलेली भुलीची औषधं, दर सेंटीमीटरला साधारण दहा मिली. तुला खरं टोचणं जाणवेल ते इथेच. हे पाणी शीर आवळतं, कातडी नि मज्जातंतूला भाजण्यापासून वाचवतं. यात कंजूषी झाली की कातडी भाजते, पायाला मुंग्या राहतात. रेडिओफ्रिक्वेन्सीत सात सेंटीमीटरचा तुकडा 120 अंशांवर वीस सेकंद तापवतात, जोडाजवळच्या तुकड्याला दोनदा. ग्लूला हे भुलीचं पाणी लागत नाही, पण खर्च जास्त, आणि काहींना त्याची ॲलर्जी येते. विम्याची आगाऊ मंजुरी घे. जन आरोग्य योजनेचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचार.

टेबलावरून उतरलास की लगेच चालायचं. क्लास दोनचे, म्हणजे मध्यम दाबाचे, मांडीपर्यंतचे मोजे डॉक्टर सांगतील तितके दिवस, सहसा आठवडाभर. माप सकाळी, सूज चढायच्या आधी. तू विडी ओढतोस, म्हणून मोजे घालण्याआधी पावलाची नाडी तपासून घे. धमनी अरुंद असेल तर घट्ट मोजे घातक. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात मोजे अंगावर ठेवणं अवघड, हे मला ठाऊक आहे, पण त्यासाठी दिवाळीपर्यंत थांबू नकोस. घोट्याच्या आतल्या बाजूचा काळपट डाग आणि खाज ही जखमेच्या आधीची पायरी आहे. तो गजकर्ण नाही. मेडिकलमधून आणलेलं ते मलम बंद कर.

दोन आठवडे मागाचा बीम उचलायचा नाही, बारा तासांची उभी पाळी नाही. पुण्याला करून घेतलंस तर परतताना दर तासाला गाडीतून उतरून चाल. पाचव्या ते दहाव्या दिवशी मांडीत दोरी ओढल्यासारखी कळ येईल. ती शीर आकसत असते, घाबरू नकोस. पण पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली, तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठ.

आठवड्याच्या आत पुन्हा डॉपलर. तीही सांगेपर्यंत कोणी करत नाही, म्हणून तू मागून घे.

या आठवड्यात पाळी बदलून घे आणि तपासणीला ये. सैल हाफ पँट घालून ये. उभं राहून चक्कर येते, म्हणून पोटभर खाऊन ये. जुना रिपोर्ट आणलास तरी चालेल, पण त्यावर मी काही ठरवणार नाही.

आईंना नमस्कार सांग.

तुझा,
काका