योकोहामाची ऑफर घेण्याआधी

पुण्यात पाइपिंग डिझाइन करताय, योकोहामाच्या प्लांट इंजिनिअरिंग कंपनीची ऑफर आलीय, टीममध्ये जपानी आणि फिलिपिनो. आपला निभाव लागेल का, असं विचारलंय तुम्ही.

लागेल. पण पगाराआधी हे विचारा की तुम्हाला कुठल्या खुर्चीवर बसवणार. या धंद्यात क्लायंटशी बोलणी, पीअँडआयडी (पाइप, यंत्रं आणि उपकरणं कशी जोडायची ते दाखवणारं ड्रॉइंग), प्लॉट प्लॅन (जागेवर काय कुठे बसणार तो आराखडा) जपानात ठरतात. थ्रीडी मॉडेल आणि आयसोमेट्रिक (एकेका पाइपलाइनचं मापांसकट ड्रॉइंग) बहुतेक मनिलात होतात. जेजीसी या योकोहामाच्याच प्लांट इंजिनिअरिंग कंपनीचं तिथलं डिझाइन ऑफिस १९८९ पासून आहे. वेळेचा फरक जेमतेम एक तास, त्यामुळे दिवसभर फोन चालू. आपल्या माणसाला बरेचदा या दोघांच्या मधे बसवतात.

मनिलाच्या लोकांना ड्राफ्ट्समन समजू नका. त्यांच्याकडे सरकारी परवाना परीक्षा पास झाल्याशिवाय मेकॅनिकल इंजिनिअर म्हणवून घेता येत नाही, आपल्याकडे बी.ई. झालं की झालं! पाइपचा सपोर्ट कुठे अडणार हे त्यांना आपल्याआधी दिसतं, फक्त सीनियरसमोर ते सहसा बोलत नाहीत. ‘शुक्रवारपर्यंत जमेल का?’ विचारलंत तर ‘येस सर’च येणार. त्यापेक्षा कोणती शीट अडलीय, कशामुळे, ते विचारा.

जपानी लोकही मीटिंगमध्ये गप्पच असतात, पण कारण वेगळं. निर्णय आधीच टेबलाटेबलावर झालेला असतो. तुमचा मुद्दा असेल तर आदल्या दिवशी संबंधित माणसाला गाठा; भर मीटिंगमध्ये काढलात तर मुद्दा बरोबर असूनही बाजूला पडतो. चेकिंग मात्र शिकण्यासारखं. वीस वर्षं काम केलेला माणूस प्रत्येक मापावर रंगीत पेन्सिलने खूण करत बसतो. ‘एवढं काय त्यात’ हे आपलं पेटंट वाक्य तिथे चालत नाही.

इंग्रजीवर मनिलाशी काम भागेल, जपानी व्हेंडरशी नाही. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ पातळी पुण्यातूनच देऊन या. उच्चकुशल व्हिसाच्या गुणांमध्ये त्याचे १० धरतात, त्यावरच्या एन-१ चे १५. एकूण ८० भरले तर वर्षभरानंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

पगारात किती तासांचा ओव्हरटाइम आधीच धरलाय ते लेखी मागा. कायद्याची सर्वसाधारण मर्यादा महिन्याला ४५ तास आहे. आणि रहिवासी कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर बसतो, म्हणून पहिल्या वर्षी कापला जात नाही, साधारण दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून सुरू होतो. घराचं भाडं ठरवताना पहिल्या वर्षी हातात येणारी रक्कम धरू नका.