ऊन, अळीचा व्हायरस अन् लोहाचं औषध : वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालानं अन् व्हॉट्सॲपवर मिळून बरेच प्रश्न आले, त्यातले चार घेतले, कारण चारही फिरून फिरून उन्हापाशीच येतात. लांब उत्तर लिहिलं की संपादक ओरडतात, पण पहिलं लांबणारच, इलाज नाही.

प्रश्न : हरभऱ्यावर घाटेअळी आली म्हणून कृषी सहायकानं एचएएनपीव्ही फवाराले सांगतलं. म्हणे संध्याकाळीच मारा अन् त्यात राणीपाल टाका. कपड्याची पावडर पिकावर कायले? दुपारी मारलं तं काय बिघडते? अन् फवारल्यावर अळ्या शेंड्यावर उलट्या लटकून काळ्या पडल्या, हात लावला तं फुटून पाणी निघालं. हा व्हायरस मानसाले नाही तं बैलाले लागन काय?
— शेतकरी, ता. कारंजा, जि. वाशीम

उत्तर : भाऊ, शेवटचं आधी घेतो. नाही लागत. एचएएनपीव्ही हा व्हायरस अळीचाच आहे, त्यातही घाटेअळी अन् तिच्या जवळच्या भावकीतल्याच अळ्यांचा. माणूस, बैल, मधमाशी यांच्यात तो वाढत नाही. कारण पाहायचं तर अळीच्या पोटात पाहावं लागते. तुम्ही जे फवारता ते मोकळे व्हायरस नसतात, प्रोटीनच्या घट्ट डबीत भरलेले असतात, एकेक डबी साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे कॉलेजातल्या साध्या मायक्रोस्कोपखाली दिसण्याइतकी मोठी. बाटलीवर एलई (मात्रेचं माप) लिहिलेलं असते ना, 1 एलई म्हणजे अशा 6 अब्ज डब्या. अळीनं पान खाल्लं की डबी पोटात जाते. आपल्या पोटात ॲसिड, अळीच्या पोटात उलट खार, पीएच 10 च्या आसपास, अन् त्या खारातच डबी विरघळते. आतला व्हायरस आतड्याच्या पेशीला चिकटतो, आत शिरतो, पेशीच्या केंद्रकात आपला डीएनए सोडतो, अन् मग ती पेशी स्वतःचं काम टाकून व्हायरसच्याच नकला काढत बसते. तिथून तो अंगभर पसरतो. म्हणून हे खाऊ घालायचं औषध आहे, अंगावर पडून मारणारं नाही, गूळ टाकायला सांगतात ते यासाठीच. चार-पाच दिवसांपासून आठवडाभर वाट पाहावी लागते, अन् अळी बारीक असतानाच मारायचं, मोठी झालेली अळी मरेपर्यंत घाटे खाऊन घेते.

शेंड्यावर चढणं हा तर व्हायरसचाच डाव! युरोपच्या जंगलातल्या एका अळीवर 2011 मध्ये काम झालं, त्यात दिसलं की व्हायरसच्या एका जीनमुळे अळीचं वागणंच बदलते अन् ती वर चढून मरते. मग व्हायरसचीच एन्झाइमं तिचं कातडं गाळतात अन् ते काळं पाणी खालच्या पानांवर ठिबकते, म्हणजे पुढच्या अळ्यांचं जेवण तयार. तुमच्या हाताला लागलं ते हेच. धुऊन टाका, बस.

आता दुपारचं. उन्हातला जो अल्ट्राव्हायोलेट भाग आहे, त्यातही यूव्ही-बी, तो व्हायरसच्या डीएनएत सरळ शोषला जाते अन् डीएनएच्या साखळीतले शेजारशेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटवून टाकते. असे जोड बरेच पडले की नक्कल निघत नाही. जिवंत पेशीजवळ दुरुस्तीची सोय असते, पानावर पडलेल्या व्हायरसजवळ ती नाही. भर उन्हात त्याचा दम काही तासांतच निघायला लागते. संध्याकाळी मारलं की अळ्यांना खायला अख्खी रात्र मिळते, उन्हाचा संबंधच नाही. अन् राणीपालची गंमत ऐका. ती पावडर कपडे पांढरे दाखवते कारण ती यूव्ही पिते अन् त्याच्या बदल्यात निळसर उजेड सोडते. पानावर तेच होते, यूव्ही व्हायरसपर्यंत जायच्या आधी तीच पिऊन घेते. 1990 च्या दशकात अमेरिकेत अजून एक लक्षात आलं की या जातीच्या काही पावडरी अळीच्या आतड्यातलं संरक्षक पापुद्रं ढिलं करतात, म्हणून व्हायरस जास्त लागते. तं राणीपाल टाकायला सांगणारा कृषी सहायक बरोबरच आहे. प्रमाण मात्र लेबलवरचंच घ्या, अंदाजानं मूठभर नको.

प्रश्न : संत्र्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या, म्हणून चिलेटेड लोह आणलं. पाण्यात कालवलं, उरलेलं पांढऱ्या कॅनमध्ये बांधावर राहिलं. आठवड्यानं पाहतो तं तळाशी तांबडा गाळ. दुकानदार म्हणते माल चांगलाच होता, तुम्ही खराब केला. कोणाचं खरं? अन् हे लोह हरभऱ्यावर एनपीव्हीसंग एकाच पंपात चालन का?
— संत्रा बागायतदार, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : दुकानदाराचं खरं निघायची शक्यता जास्त, राग मानू नका. पुड्यावर फेरिक ईडीटीए लिहिलं असेल तर त्यात लोहाचा अणू ईडीटीए नावाच्या रसायनाच्या मिठीत बसलेला असतो (अशा मिठीलाच चिलेट म्हणतात), मोकळा सोडला तर तो गंजाच्या रूपात खाली बसून जाईल म्हणून. ही जोडी यूव्ही अन् निळा उजेड शोषते. शोषला की ईडीटीएकडचं एक इलेक्ट्रॉन लोहाकडे उडी मारते, फेरिक लोहाचं फेरस (लोहाचंच दुसरं रूप) होते, अन् इलेक्ट्रॉन गेलेलं ईडीटीए तुटायला लागते, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघते, फॉर्मल्डिहाइडही निघते. हवेतला ऑक्सिजन फेरसला परत फेरिक करते, पुन्हा ऊन, पुन्हा तेच. फेऱ्या चालत राहतात अन् दर फेरीत ईडीटीए कमी होत जाते, शेवटी लोहाला धरणारं कोणी उरत नाही अन् तुम्ही पाहिलेला तांबडा गाळ बसते. टिश्यू कल्चरवाल्यांनाही हा त्रास झालेला आहे, रोपांच्या मुळांची वाढ खुंटायची, अन् 1991 मध्ये छापून आलं की माध्यमातल्या या लोह-ईडीटीएवर उजेड पडून फॉर्मल्डिहाइड तयार होत होतं. तेव्हा कालवलेलं त्याच दिवशी संपवा, पुडा अंधारात ठेवा, पांढरी कॅन तं नकोच.

जमिनीतून द्यायचं असेल तर अजून एक. आपली काळी माती चुनखडीची, पीएच 8 च्या घरात, तिथं लोह-ईडीटीए टिकत नाही. त्यासाठी ईडीडीएचए नावाचं लालगर्द चिलेट येते, महाग आहे पण टिकते.

पंपात एकत्र? मी तं नाही म्हणतो. वरच्या फेऱ्यांमध्ये ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते अन् ते फेरसला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल निघते, जे समोर येईल त्याला फाडते, प्रोटीन असो की डीएनए. म्हणजे ज्या उन्हापासून वाचवायला राणीपाल टाकली, त्याच उन्हाला शेजारी बसून मदत करणारा गडी आपणच टाकला. हरभऱ्यावर हे अजून वाकडं, कारण त्याच्या पानावरच्या आंबेत मॅलिक अन् ऑक्झॅलिक ॲसिड असते (जुनी मंडळी रात्री धडपं अंथरून हीच आंब जमा करायची), अन् ऑक्झॅलिक ॲसिड फेरिक लोहाला धरून जे बनवते ते उजेडाला इतकं नेमानं उत्तर देते की 1956 मध्ये हॅचर्ड अन् पार्कर या रसायनशास्त्रज्ञांनी त्यावरच उजेड मोजायची पद्धत बसवली, लॅबमध्ये आजही चालते. व्हायरस एका संध्याकाळी, लोह दुसऱ्या दिवशी. डिझेल थोडं जास्त जाईल, जाऊ द्या.

प्रश्न : सर, मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. रुथेनियमच्या कॉम्प्लेक्सवर उजेड टाकला की व्हायरस मरतो असं वाचलं. मग औषध देऊन अंगावर टॉर्च मारली तर फ्लू बरा होईल का? आमच्याकडे सिकलसेलचे पेशंट खूप, त्यांना चढवायचं रक्त असं शुद्ध करता येईल का?
— विद्यार्थिनी, जि. गडचिरोली

उत्तर : बेटा, दुसरा प्रश्न लय चांगला विचारला. आधी रुथेनियम बघ, हा एक धातू. कॉम्प्लेक्स म्हणजे मधे धातूचा अणू अन् भोवती त्याला धरून बसलेले रेणू, वरच्या लोह-ईडीटीएसारखंच. बायपिरिडिन नावाचे तीन रेणू लावलेलं केशरी रुथेनियम कॉम्प्लेक्स 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड घेते अन् जवळपास अर्धा मायक्रोसेकंद ऊर्जा भरलेल्या अवस्थेत राहते. रसायनात हा भरपूर वेळ झाला. तेवढ्यात बाजूला ऑक्सिजन भेटला तर ऊर्जा त्याला देऊन टाकते, तो सिंग्लेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचंच जास्त ऊर्जेचं, तिखट रूप) होतो, पाण्यात तीन-चार मायक्रोसेकंद जगतो. पण तेवढ्यात तो जाऊन जाऊन किती लांब जाणार, फार तर एखाद्या कोरोना व्हायरसच्या एक-दोन जाडीइतकं. म्हणजे कॉम्प्लेक्स व्हायरसला टेकूनच पाहिजे. काचेच्या नळीत हे जमते, ज्या व्हायरसला चरबीचं आवरण आहे तो लवकर निकामी होते, कारण आवरण बिघडलं की त्याला पेशीत शिरता येत नाही. एकदा तो पेशीच्या आत गेला की मात्र अवघड, सिंग्लेट ऑक्सिजनला पेशी कोणती अन् व्हायरस कोणता हे कळत नाही, दोघंही भाजतात. त्यात निळा उजेड कातडीत मिलिमीटरभर गेला तरी खूप. फुप्फुसात टॉर्च पोचणार कशी? म्हणून फ्लूचं सोड. जिथं पेशी मारायचीच आहे तिथं हे चालते, पॅलेडियम धातू असलेलं पॅडेलिपोर्फिन हे औषध युरोपात 2017 मध्ये प्रोस्टेटच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, रुथेनियमचं एक औषध मूत्राशयाच्या कॅन्सरवर माणसांत तपासायला घेतलेलं आहे.

रक्ताचं असं, की प्लाझ्मा अन् प्लेटलेट यांचं हे शुद्धीकरण खरंच होते, पण धातूशिवाय. युरोपात 1990 च्या दशकापासून प्लाझ्मात मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग टाकून उजेड देतात. दुसरं अमोटोसॅलेन, अमेरिकेत 2014 मध्ये मंजूर, ते व्हायरसच्या डीएनए-आरएनएमध्ये घुसून बसते अन् यूव्ही-ए पडला की दोन धागे कायमचे शिवून टाकते. हे त्याच सोरॅलेन घराण्यातलं, जे आपल्याकडच्या बावचीच्या बियांत असते, कोडावर बावची लावून उन्हात बसवतात ते यामुळेच, अन् जास्त बसवलं की फोड येतात तेही यामुळेच, घरी करू नका. पण सिकलसेलवाल्याला लागतात त्या लाल पेशी. अन् लाल पेशीत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं, तेही लोहाचं कॉम्प्लेक्सच, यूव्ही-ए अन् निळा उजेड सगळा तेच पिऊन टाकते, व्हायरसच्या वाट्याला काही उरत नाही. त्यामुळे लाल पेशींसाठी उजेडाशिवायच्या रसायनांवर काम सुरू आहे. तोवर रक्तपेढीतली तपासणी हाच आधार.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना विज्ञान प्रदर्शनात उन्हाचं अन् धातूचं रसायन दाखवायचं आहे. स्वस्तातलं सांगा.
— शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : मॅडम, सायनोटाइप करा, उन्हानं कागदावर निळं चित्र उमटवायची ही पद्धत जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं 1842 मध्ये काढली. हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम 100 मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड 10 ग्रॅम वेगळ्या 100 मिलीत. अंधाऱ्या खोलीत दोन्ही सारखं सारखं मिसळून ड्रॉइंगच्या कागदावर ब्रशनं लावा, वाळू द्या, त्यावर पळसाचं पान ठेवून वरून काच दाबा अन् उन्हात न्या. आपल्या मार्चच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटांत काम होते. मग कागद पाण्यात धुवा : उजेडानं फेरिकचं फेरस झालं तिथं निळं, पानाखाली पांढरं. फेरिसायनाइडजवळ तीव्र ॲसिड अजिबात नेऊ देऊ नका, विषारी वायू निघू शकते, अन् मिसळायचं काम तुम्हीच करा, मुलांच्या हातात फक्त ब्रश. धुताना बोअरचं खारं पाणी असेल तर निळं फिकं पडते, विहिरीचं किंवा फिल्टरचं घ्या, नाहीतर बादलीत अर्धं लिंबू पिळा.