माढ्याकडं रात्री दिसलेलं पट्ट्यांचं जनावर: वाघ, बिबट्या की तरस?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गाव माढा तालुक्यात, उजनीच्या पाण्यावरचं. रात्री दोनच्या सुमारास धाकटे बंधू दारं धरायला, म्हणजे रानाला पाणी द्यायला गेले आणि बांधावर वासराएवढं, अंगावर पट्टे असलेलं जनावर बॅटरीच्या उजेडात दिसलं. वनरक्षक येऊन 'तरस असेल' म्हणून गेले. गावात मात्र 'वाघ आलाय' आणि 'वनखात्यानंच आणून सोडलाय' असं चाललंय, आणि पिंजरा लावावा म्हणून ग्रामपंचायत अर्ज देणार आहे.

बंधूंना भास झाला असं मी म्हणणार नाही. रोज रात्री रानात जाणारा माणूस गावचं कुत्रं आणि जंगली जनावर यात सहसा फसत नाही. फसगत होते ती आकारात. मोकळ्या रानात जनावराशेजारी माप धरायला काहीच नसतं, अंतर कळत नाही, आणि बॅटरीत डोळे चमकले की मागचं अंग आपलं मनच भरून काढतं. त्यामुळं 'वासराएवढं' हे मी बाजूला ठेवतो. 'पट्टे' हे मात्र ठेवून घेतो, कारण बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची फुलं असतात, पट्टे नसतात.

पट्टे आणि सोलापूर जिल्हा म्हटलं की पहिला मान तरसाचा. पाठ खांद्यापासून शेपटीकडं उतरती, पुढचा भाग भारी, मागचा बारीक, त्यामुळं चाल लंगडल्यासारखी. पायांवरही आडवे पट्टे. मानेपासून शेपटीपर्यंत आयाळ असते आणि घाबरलं की ती उभी राहते. मग खांद्याला जेमतेम अडीच फूट असलेलं जनावर एकदम केवढं तरी दिसायला लागतं. तुमच्याकडं कोंबड्यांच्या शेड वाढल्यात, मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकल्या जातात, मेलेली जनावरं गावाबाहेर ओढून टाकतात. तरसाला आणखी काय पाहिजे? बंधूंना विचारा: पाठ सपाट होती की उतरती? जनावर पळालं की वळून बघत चालत गेलं? शेपूट लांब होती की झुबकेदार आणि आखूड? ही उत्तरं गावानं त्यांना चार गोष्टी सुचवायच्या आधी घ्या. आठ दिवसांनी विचाराल तर गावाचा वाघ ऐकायला मिळेल, बंधूंचं जनावर नाही.

वनरक्षकांचा अंदाज बहुधा बरोबर असेल. पण 'आपल्याकडं वाघ येऊच शकत नाही' असं जर कोणी म्हणत असेल तर ते आता चालणार नाही. शेजारच्या बार्शीकडंच बघा. डिसेंबर २०२४ मध्ये बार्शीजवळच्या, धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ आला. तो निघाला टिपेश्वर अभयारण्याचा, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातला. नकाशावर सरळ रेघ ओढली तरी तीनशे किलोमीटर भरतात, आणि वाघ काही सरळ रेघेत चालत नाही. त्याआधी मार्च २०२१ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्यात असाच टिपेश्वरचा एक नर दिसला होता, तिथं कित्येक दशकांत वाघ नव्हता. आणि २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर असलेला टिपेश्वरचाच तरुण नर तेराशे किलोमीटरच्या वर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. टिपेश्वर आहेच दीडशे चौरस किलोमीटरच्या आतलं. आईपासून सुटलेल्या नराला तिथं जागा मिळत नाही, मग तो ओढे, कालवे, तुरीची आणि उसाची रानं धरत निघतो. वाटेतल्या बहुतेक गावांना तो दिसतसुद्धा नाही.

म्हणजे तुमच्याकडं वाघ असणं अशक्य नाही. फक्त वाघ काही दिवस एका भागात राहिला तर खुणा सोडतो. मोठी गाय किंवा बैल पडतो, नुसतं शेरडू नाही. पाऊल अकरा सेंटिमीटरच्या पुढं भरतं. बिबट्याचं साधारण सात ते नऊ. पाणी दिलेल्या रानात ठसा पसरतो, म्हणून माप कडक मातीतल्या ठशाचंच घ्यावं. यातलं काहीच नसेल आणि एका रात्रीचं एका माणसाचं दर्शन एवढंच हाताशी असेल, तर मी तरसावरच थांबेन.

आता बिबट्या. पट्ट्यांमुळं तो या प्रसंगातून सुटतो, पण तुमच्या गावातून सुटत नाही, आणि माझ्या मते खरं बोलायचं ते याच्याबद्दल. मी जुन्नर पट्ट्यातला. आमच्याकडं धरणं झाली, कालवे आले, ऊस आला, आणि उसाबरोबर बिबट्या शेतात राहायला आला. तोच ऊस आता तुमच्याकडं आहे. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल नाही, हरणं-सांबर नाहीत, चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं, आणि तरी शंभर चौरस किलोमीटरमागं पाचेक मोठे बिबटे. तरसंही जवळपास तेवढीच! बिबट्यांच्या विष्ठेवरून खाणं तपासलं तर वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के पाळीव जनावरं, त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला तर गावातली निम्मी चर्चा थांबेल. नवा बिबट्या दिसला म्हणजे नवा बिबट्या आला असं नसतं. तो तुमच्या बांधावरून दोन-चार वर्षं जात-येत असतो. एक दिवस दिसतो, बस्स. दिसण्याची कारणंही ठरलेली आहेत. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते, टोळ्या उसाचे फड मोकळे करतात आणि त्याचा आडोसा जातो. मादीची पिल्लं असली तर ती त्यांना तोंडात धरून एका फडातून दुसऱ्यात नेते, तेव्हा दिवसाढवळ्यासुद्धा दिसते. शिवाय शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची, त्यामुळं ज्या वेळी तो फिरतो त्याच वेळी आपण रानात. दिवसा वीज द्या ही मागणी आमच्या भागात बिबट्यामुळंच एवढी जोर धरून आहे. ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचाच असेल तर मी पिंजऱ्याच्या आधी हा देईन.

पिल्लांवरून आठवलं. तोडीत सापडलेली 'बिबट्याची पिल्लं' पुष्कळदा रानमांजराची किंवा वाघाटीची निघतात. वाघाटी मोठी झाली तरी दीड किलोच्या आसपास. लोक कौतुकानं उचलून घरी आणतात, दूध पाजतात आणि पिल्लं मरतात. पिल्लं कुणाचीही असोत, होती तिथंच राहू द्या आणि वनखात्याला कळवा. आमच्याकडं माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्रातली मंडळी आणि वनखातं मिळून संध्याकाळी पिल्लं त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा आई येऊन घेऊन जाते. पिल्लं हरवलेली मादी त्या शिवारात चवताळून फिरत राहते, तो धोका वेगळाच.

'वनखात्यानं सोडले' या गोष्टीला मी हसत नाही, कारण तिच्या बुडाशी खरी घटना आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात बिबटे धडाधड पकडले गेले आणि त्यातले बरेच दुसरीकडच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. हेतू चांगला होता. पुढं अभ्यास झाला तेव्हा दिसलं की आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, ते या उपक्रमानंतर सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्याच्या गजांवर दात मोडून घेतलेला, माणसाच्या गर्दीनं बिथरलेला बिबट्या काय करणार? आणि इथं रिकामी झालेली जागा दुसऱ्या तरुण जनावरानं घ्यायला वेळ लागत नाही.

सोडलेला बिबट्या जागेवर राहतो हाही भ्रमच. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक वयस्क नर काढला, कॉलर लावून माळशेज घाटात सोडला. त्याचं नाव 'आजोबा'. महिन्याच्या आत तो सव्वाशेक किलोमीटर चालून मुंबईजवळ वसईच्या बाजूच्या जंगलात पोचला, वाटेत महामार्ग आणि रेल्वे ओलांडून. माणसाच्या वाटेला गेला नाही. २०११ मध्ये महामार्गावर गाडीनं उडवला.

म्हणून पिंजऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नुसतं दिसलं म्हणून पिंजरा मागू नका. पिंजऱ्यात शेळी बांधली की भलताच बिबट्या अडकतो, गाव फटाके वाजवून मोकळं होतं आणि सावधपणा सुटतो. माणसावर हल्ला झाला तर गोष्ट पूर्ण वेगळी. नोव्हेंबर २०२० मध्ये बीडच्या आष्टीकडं आणि डिसेंबरात करमाळ्यात माणसं गेली, शेवटी त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेडला तेच. तिथं लोक रस्त्यावर उतरले त्यात नवल नाही, ज्याच्या घरातलं लेकरू गेलंय त्याला अभ्यासातले आकडे ऐकवायला मी जाणार नाही. करमाळ्याचा प्रकार तुमच्या शेजारचाच, तेव्हाचे दिवस तुम्हाला आठवत असतील. आसपासच्या तालुक्यांतल्या गावागावांत 'तोच' नरभक्षक एकाच रात्री दिसत होता.

अशा वेळी मोबाईलवर येणाऱ्या व्हिडिओंचं काही खरं नसतं. दुसऱ्या राज्यातला, चार वर्षांपूर्वीचा, गावाचं नाव बदलून फिरणारा. आता तर संगणकानं तयार केलेले फोटोही येतात, अगदी आपल्यासारख्याच घराच्या ओट्यावर बसलेला बिबट्या. फोटो कुणी काढला, कुठल्या रानात, किती वाजता, एवढं विचारलं की बरेच गळतात.

हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या बॉडमिन माळावर वर्षानुवर्षं लोकांना मोठं काळं मांजर दिसायचं. १९९५ मध्ये सरकारनं चौकशी केली, ठोस पुरावा मिळाला नाही. त्यानंतर लगेच तिथल्या नदीत एका मुलाला चक्क बिबट्याची कवटी सापडली. लंडनच्या संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी तपासली तर आत उष्ण देशातल्या झुरळाची अंडी असलेली पिशवी. कवटी कातड्याच्या गालिच्यातली, परदेशातून आलेली! त्यांच्याकडं जनावराविना गोष्टी आहेत. आपल्याकडं जनावर आहे, म्हणून आपली जबाबदारी जरा जास्त.

तुम्ही आता काय करावं ते सांगतो. बंधूंनी दाखवलेल्या जागी उद्या उजाडताच जा, लोकांची गर्दी व्हायच्या आत. ठसा मिळाला तर शेजारी काडेपेटी ठेवून बरोबर वरून फोटो काढा आणि त्यावर घमेलं उपडं घाला. पुढं नखांच्या टोच्या उठल्या असतील तर तरस, कुत्रं किंवा लांडगा. तरसाचे पुढचे पंजे मागच्यापेक्षा चांगलेच मोठे असतात. नखं नसतील आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे असतील तर मांजरकुळातलं, मग मापावरून ठरवा. जनावर मारलेलं सापडलं तर ते हलवू नका. गळ्यावर दातांच्या खोल खुणा आहेत की मागच्या मांड्या फाडल्यात हे पंचनाम्यात यायला हवं, आणि ४८ तासांच्या आत कळवलं नाही तर नुकसानभरपाईत अडचण येते. वनखात्याचा टोल फ्री नंबर १९२६. फोन करताना 'वाघ आलाय' म्हणू नका, जे दिसलं तेवढंच सांगा आणि ट्रॅप कॅमेरा (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा) लावायची विनंती करा. बार्शीचा वाघही शेवटी कॅमेऱ्यातच सिद्ध झाला.

रात्री दारं धरायला एकट्यानं जाऊ नये. दोघं जा, बोलत जा, मोबाईलवर गाणी लावा, आणि वाकून काम करताना पाठीमागं उजेड असू द्या. वस्तीवरची पोरं संध्याकाळनंतर उसाच्या कडेला परसाकडं एकटी जाऊ देऊ नका. आमच्या भागात घात बहुतेक तिथंच झालेत. शेळ्यांना वरूनही जाळी असलेला गोठा करा, नुसती भिंत बिबट्याला पुरत नाही. कोंबड्यांची घाण ओढ्यात टाकणं बंद झालं तर कुत्री कमी होतील, आणि बंधूंना दिसलं ते तरस असेल तर तेही दुसरीकडची वाट धरेल.